नोंदींच्या वेळा जुळत नाहीत? आधी नेटवर्क कार्ड तपासा

प्रश्न : जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात तीन लिनक्स संगणक यंत्रांच्या कंपनांची नोंद घेतात. तिन्ही एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळ लावायची नेहमीची पद्धत) आहेत, तरी नोंदी दोन-तीन मिलिसेकंद पुढेमागे होतात. मेळ मायक्रोसेकंदांत हवा आहे. नवी कार्डं घ्यावीत का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : खरेदीची घाई नको. प्रत्येक संगणकावर ईथटूल ही आज्ञा मोठ्या टी पर्यायासह चालवा. यादीत हार्डवेअर-ट्रान्समिट आणि हार्डवेअर-रिसीव्ह दिसायला हवं, शिवाय पीटीपी (एनटीपीहून नेमकी वेळ जुळवणारी पद्धत) घड्याळापुढे ० किंवा १ असा क्रमांक हवा. तिथे 'नन' असेल तर कितीही सेटिंग बदला, उपयोग नाही. मदरबोर्डवरच्या बऱ्याच स्वस्त चिपांत ही सोय नसते. इंटेल आय२१० मध्ये आहे.

फरक पडतो तो पॅकेटवर वेळेचा शिक्का कुठे बसतो यावर. सॉफ्टवेअर शिक्का प्रोसेसरला सवड मिळाल्यावर बसतो, म्हणून काम वाढलं की वेळ हलते. हार्डवेअर शिक्का पॅकेट कार्डातून जातानाच बसतो.

तिन्हींवर पीटीपी४एल हा पीटीपीचा लिनक्स प्रोग्राम चालवा, एकाला मुख्य करा (प्रायॉरिटी१ चा आकडा सर्वांत लहान). यूडीपी ३१९ आणि ३२० ही पोर्टं फायरवॉलमध्ये उघडा. पुढची पायरी हमखास राहते : पीटीपी४एल फक्त कार्डातलं घड्याळ लावतो. ते संगणकाच्या घड्याळात उतरवायला उरलेल्या दोघांवर पीएचसी२सिस हा दुसरा प्रोग्राम लागतो, आणि तिथली एनटीपी सेवा बंद करावी लागते. नाहीतर दोघं एकच घड्याळ ओढतात. मुख्य संगणकावर मात्र एनटीपी राहू द्या आणि पीएचसी२सिस उलट दिशेने, संगणकाकडून कार्डाकडे चालवा. नोंदी बरोब्बर ३७ सेकंदांनी सरकल्या तर घाबरू नका. अणुवेळ (पीटीपी हीच वापरतो) आणि यूटीसी (नेहमीची जागतिक वेळ) यांतलं ते अंतर आहे. पीएचसी२सिसला डब्ल्यू पर्याय दिला की तो हे अंतर पीटीपी४एलकडून घेतो.

साध्या स्विचमध्ये गर्दी झाली की पॅकेट रांगेत थांबतं आणि मोजमाप बिघडतं. तीन संगणकांसाठी वेगळा छोटा स्विच ठेवा, त्यावर फाइलींची ने-आण नको. ईईई ही वीजबचत बंद करा. झोपलेली लिंक जागी होण्यातच काही मायक्रोसेकंद जातात.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, ते घड्याळाच्या स्फटिकाला जाणवतं. १ पीपीएम (दहा लाखांत एक) फरक म्हणजे सेकंदाला १ मायक्रोसेकंद, दिवसाला ८६.४ मिलिसेकंद. सावकाश बदल पीटीपी सांभाळून घेतो, पण एसीचा झोत थेट पेटीवर चालू-बंद होत राहिला तर पीटीपी४एल दाखवतो तो आरएमएस (सरासरी चुकीचा) आकडा उसळतो. पेटी झोतातून हलवा, सिंक सेकंदाला एकऐवजी आठ वेळा करा (लॉगसिंकइंटरव्हल उणे ३).

आणि कंपनाचा संवेदक यूएसबीवरून जोडलेला असेल, तर तिथला उशीर कोणतंही नेटवर्क कार्ड घालवणार नाही. तो आधी मोजा.