तेवीस मुद्दे आणि एक सही

"सगळ्यांशी जुळवून घ्यायचे तर स्वतःशी खोटे वागावे लागते, आणि स्वतःशी खरे राहिले तर आडमुठेपणाचा शिक्का बसतो, मग माणसाने करायचे काय?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्यापुढे इतक्या वेळा येतो की, एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका गृहस्थांची हकिगत सांगते.

एका संस्थेच्या सात जणांच्या समितीवर ते होते. नाव नोंदवून पुन्हा कधीही न फिरकलेल्यांनाही वार्षिक अहवालात 'लाभार्थी' म्हणून मोजले होते. उरलेल्या सहा जणांची त्याला हरकत नव्हती आणि अहवाल एकमतानेच जावा, असा त्यांचा आग्रह होता. हे गृहस्थ मात्र त्यावर सही करायला तयार नव्हते. माझ्याकडे पहिल्याच भेटीला ते एक वही घेऊन आले. तीत तेवीस मुद्दे क्रमवार लिहिलेले, काही खोडून पुन्हा लिहिलेले, काहींखाली दोनदा रेघ ओढलेली. "मॅडम, यात कुठे चूक आहे ते दाखवा. नसेल, तर त्यांना का पटत नाही?"

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला घेतलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीत, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तर्काने तपासून बदलण्याच्या उपचारपद्धतीत, मी घडले. तिच्यावर माझा आजही विश्वास आहे, तरी कबूल करते की पहिली तीन सत्रे मीही त्यांच्याबरोबर त्या मुद्द्यांना धार लावत बसले. चौथ्या सत्रात मात्र विचारले, "यातला कोणता मुद्दा खोडला गेला, तर तुम्ही सही कराल?"

त्यांनी वही चाळली, दोन पाने मागे गेले, पुन्हा पुढे आले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एकही नाही."

"मग हे तेवीस मुद्दे कशासाठी?"

"सही केली नाही तरी त्यांनी मला आपला मानावे म्हणून," ते म्हणाले आणि स्वतःच्याच उत्तराने चपापले.

युक्तिवादाने माहिती दुरुस्त होते, विसंगती उघडी पडते. पण कशाखाली आपले नाव घालायचे नाही, हे त्यातून निघत नाही, ते आधीच ठरलेले असते. समोरच्यांचेही तेच होते. त्यांना संस्था टिकण्याची धास्ती होती, आणि धास्तीला मुद्द्याने उत्तर देता येत नाही.

एकटे पडण्याचा ताण मी कधीच कमी लेखत नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत सारख्या लांबीची रेषा ओळखण्याइतके सोपे काम होते. तरी बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत, तेव्हा एकट्या पडलेल्यांची सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटामागे वाहवत गेली. एक जण जरी बरोबर बोलला, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली येई. समुपदेशकाची खुर्ची कधीकधी त्या एका साथीदाराची असते, असे मला वाटते.

अशा वेळी मी सही एका बाजूला आणि बाकी सारे दुसऱ्या बाजूला ठेवायला सांगते. भाषा, क्रम, मुदत, सादर कोणी करायचे, यांत भरपूर पड खाता येते आणि खावीही. "मला हे मान्य नाही, ते मी लिहून देतो, पण तुमची वाट अडवत नाही," असे म्हणणारा माणूस सहमतीच्या बाहेर जात नाही. फक्त 'त्यांना पटलेच पाहिजे' हा हट्ट सोडून त्याला 'पटले तर बरे' इथवर यावे लागते. (इथे एलिस पुन्हा उपयोगी पडतात, हे मी त्यांना मुद्दाम ऐकवले.) या गृहस्थांना तिथवर यायला आणखी पाच सत्रे लागली.

शेवटी अहवाल सहा सह्यांनी गेला आणि सोबत त्यांची चार ओळींची भिन्नमत टिपणी जोडली गेली. दोघे जण अजून त्यांच्याशी मोजकेच बोलतात. पुढच्या वर्षीच्या अहवालाचा मसुदा करण्याचे काम मात्र समितीने त्यांच्याच गळ्यात घातले आहे, आणि त्याबद्दल ते माझ्याकडे बरीच कुरकुर करतात.