कूलरची हवा चिकट लागली तर

बेटा,

काल तुझं सोलो क्रॉसकंट्री, म्हणजे एकटीनं लांब जाऊन परत यायचं उड्डाण, मी कॅन्सल केलं आणि तू काही न बोलता हेडसेट बॅगेत कोंबून निघून गेलीस, बघितलं मी. तुझं म्हणणं माहितीये मला, मेटारमधे, म्हणजे एअरपोर्टच्या हवामान रिपोर्टमधे, तर सगळं ठीक होतं ना सर, व्हिजिबिलिटी ६ किलोमीटर, वारा ५ नॉट, शेवटी नोसिग, म्हणजे मोठा बदल अपेक्षित नाही, मग काऊन थांबवलं? एप्रनवर सगळ्या पोट्ट्यांसमोर समजावत बसलो नाही, म्हणून आता रात्री लिहून राहिलो.

तू मेटारमधे वारा आणि व्हिजिबिलिटी बघितलीस. टेम्परेचर ३८ आणि ड्यू पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो, २१ होता, त्यावरून तुझी नजर सरळ पुढे गेली. नागपूरच्या एप्रिलमधे कोरड्या दिवशी ड्यू पॉइंट ८-१० असतो, हवा भट्टीसारखी पण साफ. तो २० च्या वर गेला म्हणजे बंगालच्या उपसागराकडून बाष्प येऊन राहिलं, आणि त्यात दुपारचं ऊन पडलं की ढग वर चढायला वेळ लागत नाही. हे कळायला मेटारही लागत नाही खरं तर, आदल्या रात्री घरचा कूलर सांगतो. हवा कोरडी असली की कूलर गारठवतो, आणि बाष्प आलं की तोच कूलर नुसता चिकट वारा फेकतो, आई म्हणते खस बदला. खस ठीक असते गं, ड्यू पॉइंट वाढलेला असतो.

आणि नोसिग म्हणजे पुढच्या दोन तासांचा अंदाज, तोही फक्त आपल्या एअरपोर्टचा. तुझा ११चा मेटार, निघायचं साडेअकराला, परत यायचं २ वाजता, मग त्या २ चं कोण सांगणार? हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र इथेच सोनेगावला एअरपोर्टला लागून आहे, रडार आहे, पुढच्या ३ तासांचा अंदाज, नाऊकास्ट, निघतो, आणि तुम्ही पोरं मोबाईलवर सूर्य-ढगाचं चित्र बघून येता.

माझी गंमत सांगतो, तेव्हा गंमत नव्हती. लायसन नवीन होतं, एप्रिलचा शेवट, तीनच्या आसपास बुटीबोरीच्या बाजूनं परत येत होतो, हिंगण्याच्या दिशेला एक तांबूस भिंत दिसली. मला वाटलं नुसती धूळ आहे, आपण आधी पोचतो; ती वादळाची आघाडी होती. रनवे ३२च्या फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, समोरून चांगला १२-१५ नॉटचा वारा, स्पीड वाढलं म्हणून मी पॉवर कमी केली, इथेच चुकलो, कारण पुढच्या काही सेकंदांत तो वारा गेला, विमान खाली बसायला लागलं आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक बघतो तर उलटा. फुल पॉवर दिली, गो अराऊंड, म्हणजे न उतरता परत वर. आणि बेटा, विमान चढेचना. चढण्याचा वेग दाखवणाऱ्या व्हीएसआयचा काटा मिनिटाला २०० फुटांवर थरथरत होता, तळवे घामानं ओले, आणि डावीकडे ती भिंत. टॉवरनं उजवीकडे वळून उमरेडकडे जायला सांगितलं म्हणून वाचलो, तिकडे २५ मिनिटं गोल फिरत राहिलो. टाकीत पेट्रोल होतं हे नशीब, हुशारी नव्हती.

चढेना त्याचं कारण पुस्तकात तू पाठ केलंयस, आता इथल्या आकड्यांत करून बघ. आपलं एअरपोर्ट साधारण १,०३० फुटांवर. नवतप्यातली, मेअखेरची दुपार धर, ४५ डिग्री, क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब, १००२. तो स्टँडर्ड १०१३ पेक्षा ११ कमी, म्हणून ३३० फूट मिळव, दाबाप्रमाणे उंची, प्रेशर अल्टिट्यूड, १,३६०. तिथे स्टँडर्ड टेम्परेचर १२, म्हणजे आपण ३३ डिग्री वर, डिग्रीला १२० फूट, झाले जवळपास ४,०००. टोटल ५,३०० च्या वर, ही डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे गरम पातळ हवेत विमानाला जाणवणारी उंची. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट आहे, म्हणजे सोनेगावच्या रनवेवर उभं असलेलं विमान स्वतःला कळसूबाईच्या माथ्यावर समजतं. समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट चढणारं आपलं सेसना १७२ तिथे ५०० च्या आसपास येतं, तेही नवं इंजिन आणि हात साफ असेल तर. २०१३ च्या २३ मेला इथे ४७.९ होतं, तू करून बघ तो हिशोब.

आपला रनवे ३,२०० मीटरचा, म्हणून टेकऑफ लांबला तरी तुला जाणवतच नाही, ही सवय वाईट. बेलोऱ्याला अमरावतीत १,८५० आहे, तिथे जाणवेल.

पावसाळ्याचं जूनमधे बोलू, आता एवढंच की आपला रनवे १४-३२, म्हणजे १४० आणि ३२० डिग्रीच्या दिशेचा, नैऋत्येचा वारा २३० वरून आला की बरोबर आडवा, आणि १७२ चा चाचणीत दाखवलेला क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, १५ नॉट. तेव्हा लँडिंग शिकशील खरं.

हिवाळ्यात उलटं दुखणं, सकाळच खराब. डिसेंबरात पहाटे वर गेलीस की उत्तरेला कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बघ, धूर सरळ वर जाऊन एका उंचीला चादरीसारखा पसरतो. ते इन्व्हर्जन, खाली गार हवा आणि वर गरम हवेचं झाकण. त्याच्या खाली सगळा धूर, धुकं अडकलेलं, ५ किलोमीटर व्हिजिबिलिटी मिळायला कधी नऊ वाजतात. टेम्परेचर आणि ड्यू पॉइंटमधे १-२ चाच फरक असेल तर घाईनं येऊ नको, घरी तर्री पोहे खाऊन ये.

तुझे तास बाकी आहेत, फी चालू आहे, घरचे विचारतात, सगळं समजतं. मीही तेच मनात धरून त्या दिवशी भिंत दिसली तरी एअरपोर्टकडेच आलो होतो.

तर मंगळवारी पावणेसहाला ये. नॅव्हलॉग, म्हणजे रूटच्या हिशोबाचा कागद, तोच राहू दे, वारा नवीन टाक, आणि ९ च्या आत परत यायचं असा रूट कापून आण. सोमवारी रात्री कूलर लावशील तेव्हा हवा कशी लागते ते व्हॉट्सॲपवर टाक मला, मग सकाळी मेटारशी जुळवून बघू.

तुझा सर