शके ९८२ की ७८२?

प्रश्न : अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ आहे म्हणतात, पण एका जुन्या पुस्तकात ७८२ वाचलं. खरं कुठलं?

उत्तर : ९८२च. त्यात ७८ मिळवा, इसवी सन १०६० येतं. अक्षरं इतकी झिजलीत की सुरुवातीच्या अभ्यासकांनी पहिला आकडा ७ वाचला. पण लेखात शिलाहार राजा माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी, येतो. तो अकराव्या शतकातला. तिथेच ७८२ बाद होतं.

झिजलेला लेख समोरून बघितला तर काहीच दिसत नाही. मी बॅटरी बाजूने तिरपी धरतो. खाचांत सावली भरते आणि एकेक अक्षर उठून येतं. तुम्हीही बघा. मात्र खडू किंवा पीठ चोळू नका, कळकळीने सांगतो. दगड आणखी झिजतो.