झोपडपट्टीतील लोकांची सर्वांत मोठी अडचण कोणती, आणि मोफत घर मिळत असताना त्यांची तक्रार कशाबद्दल असते?

घाटकोपरच्या पश्चिमेकडील डोंगरावरच्या एका वस्तीत माझा जन्म झाला आणि वयाची सत्तावीस वर्षे मी तेथेच काढली. माझी आई आजही तेथेच राहते. म्हणून आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मी मुंबईपुरतेच देतो. बाहेरून येणाऱ्याला अरुंद गल्ल्या, उघडी गटारे आणि पत्र्याची छपरे दिसतात, आणि तो त्रास खराच आहे. परंतु माझ्या मते त्याहून जड ओझे आहे ते, आपण येथे राहतो हे आयुष्यभर कागदावर सिद्ध करत राहण्याचे.

माझे वडील 1972 च्या दुष्काळात माण तालुक्यातून मुंबईत आले. 1976 मध्ये शासनाने झोपड्यांची गणना केली आणि त्यानंतर त्यांना फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचे छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र, मिळाला. तो फोटोपास, शिधापत्रिका, मतदार यादीचा उतारा आणि जुनी वीजबिले आईने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहेत. जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्याच आझाद नगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर कित्येक पावसाळे, रात्री पावसाचा जोर वाढला की आई आम्हा भावंडांना उठवण्याआधी ती पिशवी पेटीतून काढून कमरेला बांधत असे. तेव्हा मला तिचा राग येई. घर वाहून गेले तर पत्रे पुन्हा उभे करता येतात, कागद गेले तर जागेवरचा हक्कच जातो, हे मला फार उशिरा समजले.

पाण्याचेही तसेच आहे. ज्यांची झोपडी शासनाने ठरवलेल्या तारखेनंतरची, म्हणजे दीर्घकाळ 1 जानेवारी 2000 नंतरची, त्यांना महापालिका अधिकृत नळजोडणी देत नसे. अशी कुटुंबे नळ असलेल्या शेजाऱ्याकडून हंड्याच्या हिशेबाने पाणी विकत घेत, म्हणजे शहरातील सर्वांत गरीब माणूस पाण्यासाठी सर्वांत जास्त पैसे मोजत असे. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, झोपडी अनधिकृत असली तरी पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. सर्वांसाठी पाणी हे महापालिकेचे धोरण मात्र 2022 मध्ये आले. ज्यांना नळ होता त्यांच्यासाठीही झोपडपट्टीत माणशी 45 लिटर आणि इमारतीत 135 लिटर असे माप वर्षानुवर्षे धरले गेले. हा फरक भरून काढते ती घरातील बाई किंवा मोठी मुलगी. आमच्याकडे पहाटे पाणी येई आणि माझी थोरली बहीण पिंप भरून झाल्यावरच शाळेला निघे. दहावीच्या वर्षीही त्यात खंड पडला नाही. सार्वजनिक शौचालयाची रांग, कडी नसलेले दार आणि अंधार यांमुळे आमच्या गल्लीतील बायका सूर्यास्तानंतर पाणी पिणे टाळत. याविषयी घरात कोणी बोलत नसे, आणि मला आजही त्याचे सर्वांत जास्त वाईट वाटते.

आता मोफत घराविषयी. पुनर्वसन योजनेतील मोफत घर मिळते ते ‘पात्र’ ठरलेल्यालाच, म्हणजे 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून तेथे राहत असल्याचे कागद ज्याच्याकडे आहेत त्यालाच. पोटमाळ्यावर राहणारे कुटुंब त्यात बसत नाही. एका झोपडीत तीन भावांचे संसार असले तरी घर एकच, पूर्वी 225 चौरस फुटांचे आणि आता 300 चौरस फुटांचे. गल्लीत ओट्यावर बसून पापड लाटणाऱ्या, राख्या बनवणाऱ्या स्त्रीला सातव्या मजल्यावर ओटा नसतो, देखभाल खर्च मात्र दरमहा द्यावा लागतो. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या ठिकाणी पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा जेमतेम पोहोचतो, आणि तेथील क्षयरोगाचा या बांधणीशी संबंध असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे घर विकून किंवा भाड्याने देऊन पुन्हा वस्तीत जाणाऱ्याला लोभी म्हणण्यापूर्वी त्याचा महिन्याचा हिशेब विचारावा, अशी माझी आपणास विनंती आहे.

आमच्या शेजारच्या काकू 1998 पासून त्याच गल्लीत राहतात. त्यांच्या मुलांसोबत मी खेळलो आहे. मतदार नोंदणीच्या वेळी त्या बाळंतपणासाठी गावी होत्या, काका रात्रपाळीला होते, आणि यादीत दोघांचेही नाव आले नाही. त्यांच्याकडील सर्वांत जुना कागद 2002 चे वीजबिल आहे. आमच्या वस्तीची पात्रता यादी लागली तेव्हा आईच्या नावापुढे ‘पात्र’ आणि काकूंच्या नावापुढे ‘अपात्र’ असे लिहिलेले होते. 2000 ते 2011 या काळातील झोपडीधारकांना सशुल्क घर देण्याची तरतूद आहे आणि 2023 मध्ये शासनाने त्यासाठी अडीच लाख रुपये ही रक्कम ठरवली. काकू चार घरी स्वयंपाकाची कामे करतात. त्यांची मुलगी सध्या मुलांच्या लसीकरणाची जुनी कार्डे आणि शाळेचे दाखले शोधत आहे, 1999 मधील एखादी तारीख कोठेतरी सापडेल या आशेने.