सासरे येणार, सोबत चूर्णाची पिशवी येणार, आणि इकडे नवऱ्याची शुगर बॉर्डरवर

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका ताईंचा मोठ्ठा मेल आलाय, थोडक्यात सांगते. नवरा बेचाळीसचा, आयटीत, दिसायला सडपातळ, दारू-सिगरेट काही नाही, जेवण घरचं शाकाहारी, आणि चाळिशीनंतर एनएचएसवाले (इथली सरकारी आरोग्यसेवा) जो हेल्थ चेक करतात त्यात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट, ४४ आलं. नर्सने प्रीडायबिटीस म्हणून सांगितलं आणि एक पत्रक हातात दिलं. जूनमध्ये सांगलीहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत, सासऱ्यांना जुना डायबिटीस आहे, गोळ्या पण आणि इन्सुलिन पण, आणि सासूबाईंनी फोनवर आधीच सांगून टाकलंय की कारल्याचं चूर्ण, मेथ्या, जांभळाच्या बियांची पावडर सगळं आणतेय, माझ्या मुलाला गोळ्यांच्या नादी लागू देऊ नकोस. ताई विचारतायत यातलं खरं काय, करायचं काय, आणि सासूबाईंना न दुखावता कसं करायचं.

आधी ते ४४. घाबरू नका, ते टक्के नाहीत. यूकेमध्ये एचबीएवनसी वेगळ्या मापात देतात, ४२ ते ४७ म्हणजे प्रीडायबिटीस आणि ४८ पासून पुढे डायबिटीस. सांगलीच्या लॅबच्या भाषेत ४४ म्हणजे साधारण ६.२ टक्के. रोजच्या शुगरचंही तसंच, तिकडे १२६ म्हणतात ते इकडे ७, म्हणजे इकडच्या आकड्याला १८ ने गुणा की तिकडचा आकडा येतो. हे फ्रिजवर लिहून ठेवा, कारण सासऱ्यांचं मशीन १८० दाखवणार आणि इथला डॉक्टर १० म्हणणार आणि मग जेवणाच्या टेबलावर उगाच अर्धा तास वाद.

आता बारीक माणसाला कशी काय शुगर, हा प्रश्न मला दर दुसऱ्या घरातून येतो. याचं उत्तर आपल्या पुण्यातच मिळालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं यावर काम करतायत, आणि २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सेम, २२.३, पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! म्हणजे शर्ट एकाच मापाचा पण आत मामला निराळा. आपल्याकडे स्नायू कमी आणि पोटाच्या आत चरबी जास्त, आणि पुण्याच्या बाळांमध्ये तर हे जन्मापासूनच दिसतं असं त्यांच्याच टीमने दाखवलं. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेषा २५ वर नाही तर २३ वर आहे, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर नको (बायकांची ८०). टेप घ्या आणि बेंबीच्या लेव्हलला मोजा, पँटच्या साइझवर जाऊ नका, पँट आपण पोटाच्या खाली घालतो.

आणि लाइफस्टाइलने खरंच फरक पडतो का? पडतो, पण किती ते नीट ऐका. अमेरिकेत २००२ साली मोठा अभ्यास आला, वजन सात टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, तर प्रीडायबिटीसचा डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गोळीपेक्षा जास्त. तसाच अभ्यास चेन्नईत झाला, २००६ साली आला, आपल्या लोकांवर, तिथे साधारण २८ टक्के. म्हणजे आपल्याला फायदा आहे पण जादू नाही. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की चेन्नईच्या लोकांचं वजन फारसं न उतरताही फायदा झाला, तेव्हा तुमच्या सडपातळ नवऱ्याने मी काय कमी करू म्हणून हात वर करायचं कारण नाही. नर्सला विचारा, एनएचएसचा डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम फुकट असतो आणि ४४ वाल्याला त्यात घेतात.

आता ताट. आपल्या शाकाहारी जेवणाची गोची अशी की सकाळी पोहे, दुपारी चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी, पाच वाजता चहा आणि मारी बिस्किटं, रात्री वरण-भात, आणि आपण म्हणतो आमचं जेवण साधंच असतं हो. साधं आहे, पण सगळं पिठूळ आहे. वरण म्हणजे प्रोटीन अशी आपली ठाम समजूत, पण त्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते किती ते एकदा बघा. मी पोळी-भात बंद करा म्हणत नाही, बंद केलेलं तीन आठवड्यात परत सुरू होतं आणि दुप्पट होतं. चार पोळ्यांच्या दोन करा आणि उसळीची वाटी मोठी करा. मटकी, मूग, चवळी, टिनमधले छोले, राजमा, पनीर, टोफू, घट्ट दही, पिठलं, अंडं चालत असेल तर अंडं. थंडीत इकडे कडधान्यांना मोड येत नाहीत अशी तक्रार असते, ज्या कपाटात बॉयलर आहे तिथे फडक्यात बांधून ठेवा, येतात. पोहे करा पण अर्धे, बाकी अर्धी प्लेट मटकीची, दाणे जास्त. आणि खायचा क्रम बदला, आधी कोशिंबीर आणि भाजी-उसळ, पोळी-भात शेवटी, याने जेवणानंतरची शुगर कमी चढते हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय आणि याला एक पेनी खर्च नाही.

ज्वारीची भाकरी चांगली, जरूर करा, पण भाकरी आहे म्हणून तीन खाल्ल्या तर पीठ ते पीठच. गूळ आणि मध यांच्यावर मला फार बोलायचं नाही, साखरच आहे ती, रंग वेगळा. फळ खा, रस पिऊ नका. शुगर-फ्री बिस्किटांत मैदा आणि तूप-तेल तसंच असतं, पाकिटाच्या मागे बघा.

जेवण झाल्यावर शतपावली. आपल्या आज्या जे करायच्या तेच आता संशोधनवाले सांगतायत, जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि संध्याकाळी एकदाच पाऊण तास चालण्यापेक्षा तीनही जेवणांनंतर थोडं थोडं चाललेलं जेवणानंतरच्या शुगरला जास्त मानवतं. नवरा घरून काम करतो ना? दुपारचा एक कॉल चालत घ्यायचा. नोव्हेंबरात चार वाजता अंधार आणि वरून पाऊस, मग जिना आहे, घरातल्या घरात फेऱ्या आहेत, किटली उकळेपर्यंत उठाबशा आहेत. हसू नका, आपल्याकडे स्नायूच कमी, तेव्हा नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून दोनदा तरी उठाबशा, रबरी बँड, वजनं, काहीतरी जोर लावायचं काम हवं.

एक गंमत म्हणजे जूनमध्ये रेडिंगला सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो, आणि सासूबाई दिवेलागण झाल्याशिवाय पानं मांडत नसतील तर सगळं घर दहा वाजता जेवणार! पहिल्या दिवसापासून साडेसातची वेळ घड्याळावर ठरवा, उजेडावर नाही. जेवा आणि सगळे मिळून बाहेर पडा, इतका छान उजेड परत मिळायचा नाही.

आता चूर्णाची पिशवी. मी सरसकट थोतांड म्हणणाऱ्यांतली नाही. मेथ्यांमध्ये चिकट फायबर असतं, ते पोटात फुगतं आणि साखर हळू शोषली जाते, चमचाभर भिजवलेल्या मेथ्यांनी थोडा फरक पडतो असं छोट्या अभ्यासांत दिसलंय, गॅसेस होतात तो भाग वेगळा. कारल्याचे निकाल उलटसुलट आहेत, भाजी म्हणून मस्त, औषध म्हणून भरवसा ठेवण्यासारखं नाही. जांभळाच्या बियांचंही तेच. गुडमार जिभेवर ठेवलं की थोडा वेळ गोड लागतच नाही, गोड कमी खायला त्याचा उपयोग होत असेल, पण त्याने शुगर बरी होते हे सिद्ध नाही. दालचिनी रोज चमचाभर कोणी सांगितली तर थांबा, सुपरमार्केटमधली बहुतेक कॅशिया जातीची असते, त्यात कुमारिन असतं, जास्त झालं तर लिव्हरला त्रास. गुळवेलीचंही, कोविडच्या काळात ती घेऊन लिव्हर बिघडलेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली छापल्या होत्या. आणि लेबल नसलेल्या पुड्या, कुठल्या तरी वैद्यांच्या भस्माच्या गोळ्या, या मात्र घरात नकोतच. २००४ साली बॉस्टनच्या दुकानांतून आयुर्वेदिक औषधं घेऊन तपासली तर पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं.

नवऱ्याने मेथ्या खाल्ल्या, कारल्याची भाजी खाल्ली, हरकत नाही. सासऱ्यांचं तसं नाही. इन्सुलिन आहे, आणि गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल तर वरून रोज उपाशीपोटी कारल्याचा रस आणि मेथीचं पाणी म्हणजे शुगर अचानक खाली जायची भीती, रक्त पातळ करायची गोळी असेल तर मेथीबद्दल डॉक्टरला विचारायलाच हवं. सगळ्यात वाईट म्हणजे चूर्ण सुरू केलं, दोन दिवस रीडिंग बरं आलं आणि इन्सुलिन परस्पर बंद केलं, हे होतं, नेहमी होतं. तेव्हा डॉक्टरकडे जाताना गोळ्यांबरोबर ते डबे पण टेबलावर ठेवा, लपवू नका.

इन्सुलिनबद्दल एक गोष्ट लक्ष देऊन वाचा, कारण ही चूक जीवावर बेतू शकते. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बऱ्याचदा यू-४० असतं, एक मिलीत ४० युनिट, आणि त्याची लाल टोपीची सिरिंज असते. इकडे बाटलीतलं इन्सुलिन यू-१००, त्याच्या सिरिंजची नारिंगी टोपी. तिकडची बाटली आणि इकडची सिरिंज केली तर २० च्या खुणेला प्रत्यक्षात ८ युनिट जातात. आणि इकडचं इन्सुलिन तिकडच्या सिरिंजने घेतलं तर २० च्या जागी ५०! तेव्हा सहा महिन्यांचं इन्सुलिन आणि त्याच्याच सिरिंजा दोन्ही तिकडूनच आणा, किंवा निघायच्या आधी डॉक्टरला विचारून इन्सुलिनच्या पेनवर बदलून घ्या, ते जास्त बरं. इन्सुलिन केबिन बॅगेतच, खाली सामानात गोठू शकतं. गोळ्या मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, औषधाच्या कंपनीचं नाव नाही तर आतल्या औषधाचं नाव लिहिलेलं, इकडे ब्रँड कोणी ओळखत नाही. पश्चिमेकडे येताना दिवस साडेचार तासांनी लांबतो, त्या दिवशीचा डोस कसा घ्यायचा हेही तेव्हाच लिहून घ्या.

सासरे येतायत जूनमध्ये म्हणजे आषाढी एकादशी इथेच, मग श्रावण. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, केळं, म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त स्टार्च. भगर आणि दाण्याची आमटी, दही, काकडी असं करा, तेही मोजून. निर्जळी वगैरे अजिबात नको. आणि गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर उपवासाच्या किंवा उलट्या-जुलाबाच्या दिवशी ती घ्यायची की नाही हे आधीच विचारून ठेवा, त्यात रक्त आम्लीय होण्याचा धोका असतो आणि गंमत म्हणजे शुगर फार वाढलेली दिसतही नाही.

शुगर ४ च्या खाली, म्हणजे ७० च्या आत गेली, घाम, थरथर, चिडचिड, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच, पंधरा मिनिटांनी परत तपासा. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, ९९९ लावा. घरात नातवंडं असतील तर त्यांनाही हे शिकवा.

सासूबाईंना दुखवायचा प्रश्न मला तितका अवघड वाटत नाही. त्यांना नको म्हणू नका, काम द्या. मेथीची भाजी, भरली कारली, मटकीची उसळ, मुगाची धिरडी हे त्यांच्याइतकं चांगलं तुम्हाला येत नाही असं मोकळेपणाने सांगा (खरंच असेल तर!) आणि सकाळचा नाश्ता त्यांच्याकडे सोपवा. चूर्णाबद्दल तुम्ही नाही, नवऱ्याने बोलायचं, आई त्याची आहे.

आणि तिकीट काढायच्या आधी सासऱ्यांची सांगलीत एचबीएवनसी, किडनीची टेस्ट, डोळ्याचा पडदा, पायांची तपासणी आणि व्हिटॅमिन बी-१२ करून घ्या, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्या शाकाहारी माणसाचं बी-१२ बऱ्याचदा खाली गेलेलं असतं आणि पायाच्या मुंग्यांचा दोष सगळा शुगरवर जातो. व्हिजिटर म्हणून आले की जीपीला (इथला फॅमिली डॉक्टर) दाखवायला पैसे पडत नाहीत पण हॉस्पिटलात ॲडमिट झाले तर बिल लागतं आणि ते जबरदस्त असतं, म्हणून इन्शुरन्स घेताना डायबिटीस आहे हे स्पष्ट लिहा, प्रीमियम वाढला तरी चालेल, लपवलं तर क्लेम मिळणार नाही.