आधी ते कपाट उघडा

कराडच्या एका वडिलांचं दीड पानी पत्र आलंय. मुलगा अकरावी सायन्सला. दहावीला 86 टक्के, आता सहामाहीत 58. क्यूबन ट्रम्पेटवादक आर्तुरो सँडोव्हालचे व्हिडिओ बघतो आणि ‘मी साल्सा आणि लॅटिन जॅझच वाजवणार’ म्हणतो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या ठेक्यांवरचं नाचाचं संगीत आणि त्याच ठेक्यांवरचं जॅझ. लग्नसराईत गल्लीतल्या बँडबरोबर वरातीत वाजवून साठवलेल्या पैशांतून त्यानं जुनं ट्रम्पेट घेतलं. वडिलांनी ते दोन महिन्यांपूर्वी लोखंडी कपाटात टाकून किल्ली स्वतःकडे ठेवली. ‘आमच्या घराण्यात कुणी बँडवाला नाही. तो सीईटीकडे वळेल असं काहीतरी त्याला लिहा.’

नमस्कार. त्याला नाही, तुम्हालाच लिहितो.

58 टक्क्यांनी माझी झोप उडाली नाही. दहावीला पेढे वाटलेली मुलं अकरावीला गप्प होतात, हे दरवर्षीचं आहे. खटकली ती किल्ली. ते वाद्य तुम्ही घेऊन दिलेलं नाही, त्याच्या कमाईचं आहे. आणि अभ्यासासाठी म्हणून बंद केलंत, तर या दोन महिन्यांत मार्क वाढले का, हे पत्रात कुठेच नाही.

ज्याला तुम्ही ‘तो कोण क्यूबाचा’ म्हणता, त्याचा जन्म 1949 मध्ये हवानाजवळच्या आर्तेमिसा गावचा. सुरुवात गावच्या बँडमधून. हो, बँडवालाच! पुढे हवानाच्या राष्ट्रीय कलाशाळेत शास्त्रीय ट्रम्पेट शिकला. सक्तीच्या लष्करी सेवेत असताना रेडिओवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारच्या केंद्राचं जॅझ ऐकलं म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. जॅझ ऐकतो म्हणून कोंडणारं सरकार आणि तुमचं कपाट, यांत मला फारसा फरक दिसत नाही, राग मानू नका. 1977 मध्ये अमेरिकेचा नामांकित जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी हवानाला आला, तेव्हा हा त्याला गाडीतून शहर दाखवत फिरला. आपणही ट्रम्पेट वाजवतो हे सांगितलंच नाही. गिलेस्पीला ते कळलं याला स्टेजवर बघून. 1990 मध्ये त्याच गिलेस्पीबरोबर दौऱ्यावर असताना त्यानं अमेरिकेचा आश्रय घेतला. पुढे फ्लोरिडात प्राध्यापकी केली.

आणि ‘बँडवाला’ हा शब्द जरा जपून वापरा. सी. रामचंद्रांची गाणी तुमच्या पिढीनं डोक्यावर घेतली ना? त्यांचा सहायक चिक चॉकलेट हा गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवाला, मुंबईच्या ताजमध्ये स्वतःचा बँड चालवणारा.

आता चिरंजीवांची चूक. तुम्हीच लिहिलंय, तो म्हणतो ‘हे संगीत कानानं वाजवतात, नोटेशन लागत नाही.’ साफ चुकीचं. व्हिडिओत सोलो दिसतो, रोजगार मिळतो तो सेक्शनमध्ये. दोन-तीन ट्रम्पेटच्या रांगेत बसायचं, समोर ठेवलेला कागद पहिल्या फटक्यात वाचायचा, शेजाऱ्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा. त्याखाली क्लावे हा ठेका चालू असतो: दोन मापांत पाच ठोके, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. चुकीच्या बाजूनं शिरलात की सम चुकलेल्या गवयाची जी अवस्था, तीच तुमची. समोर नाचणाऱ्यांचे पायच ते सांगतात. मारियो बाउझा हा लॅटिन जॅझचा पाया घालणारा माणूस. पण त्याची बहुतेक कारकीर्द गेली कुठे? माचितो या मेव्हण्याच्या बँडचा संगीत दिग्दर्शक म्हणून. 1943 ची ‘टांगा’ ही रचना त्याचीच, पण पोस्टरवर नाव मेव्हण्याचं.

बाजारपेठेबद्दलही खरं सांगतो. आपल्या शहरांत साल्साच्या नाचाचे क्लास ढीगभर, पण ते चालतात रेकॉर्डवर. नुसत्या साल्सावर पोट भरायचं तर न्यूयॉर्क, मायामी, पोर्तो रिको किंवा कोलंबियातलं काली शहर. तिथवर जाणं खर्चाचं आहे आणि तिथे आधीच तगडे लोक बसलेत. म्हणून साल्सावाला होण्याआधी त्यानं नुसता चांगला ट्रम्पेटवाला व्हावं.

बारावी सायन्समधूनच करू दे, सीईटीही देऊ दे, त्यानं काही बिघडत नाही. सोबत लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा द्याव्यात. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, तिथे एकदा दोघांनी जाऊन या. सैन्यदलांच्या बँडमध्ये वादकांची भरती होते. पगारी नोकरी, आणि गणवेश असल्यामुळे तुम्हालाही लाज वाटणार नाही.

आज संध्याकाळी कपाट उघडा. दोन महिने पडलेल्या ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह बहुधा चिकटले असतील. पक्कड लावू नका. त्यालाच हाक मारा. तो हलक्या हातानं सोडवेल, पुसेल, व्हॉल्व्हच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडेल. पहिला आठवडा दिवसाला वीस मिनिटं, तीही थांबत थांबत, कारण ओठांची पकड सुटलेली असणार. आवाज फाटका येईल. तेव्हा त्याच खोलीत बसा आणि टीव्ही बंद ठेवा.