मुलीला स्पर्धेच्या जिम्नॅस्टिक्समध्ये पुढे जाऊ द्यावं का? दुखापतीचा धोका खरंच किती असतो?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ९ वर्षांची आहे, जिल्हा स्पर्धेत पदक मिळालंय आणि सरांचं म्हणणं आहे की आता आठवड्यातले सहा दिवस चार-चार तास सराव हवा. मग जाता जाता एक वाक्य टाकलंय, "हल्ली मनगट थोडं दुखतं म्हणते." मी फिजिओथेरपिस्ट आहे, जिम्नॅस्टिक्सची बरीच मुलं माझ्याकडे येतात. म्हणून त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते.

आज तिला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि हात टेकून उठायला सांगा. मनगट खरंच दुखत असेल तर मुली तळवा टेकवत नाहीत, मूठ आवळून मुठीवर भार देतात. कुणी शिकवलेलं नसतं, आपोआप होतं. विचारलं तर मात्र "नाही दुखत" हेच उत्तर येतं, कारण दुखतं म्हटलं की सराव बंद होणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

या खेळात हातांना पायांचं काम करावं लागतं. हँडस्टँड, कार्टव्हील, व्हॉल्टवर (धावत येऊन हात टेकवून उडी मारायच्या टेबलावर) आपटणारे तळवे, हा सगळा भार मनगटावर येतो. या वयात हाडाच्या टोकाशी कुर्चेचा एक मऊ पट्टा असतो, ग्रोथ प्लेट, तिथूनच हाड वाढतं. त्यावर रोज मार बसत राहिला तर आधी नुसतं दुखतं. तरीही दामटत राहिलं तर अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची वाढ तिथेच खुंटू शकते, शेजारचं हाड मात्र वाढत राहतं आणि मनगट कायमचं बिघडतं. वेळीच थांबलं तर बहुतेक मुली काही आठवडे ते काही महिने हातावर भार न घेता पूर्ण बऱ्या होतात. तेवढ्या काळात पायांचं, पोटाचं काम चालू ठेवता येतं, क्लास सोडावा लागत नाही. टाचेचं, गुडघ्याखालच्या उंचवट्याचं दुखणं याच जातीचं. कंबर मात्र वेगळी. कमान टाकताना कंबरेत एका जागी दुखत असेल आणि दोन आठवड्यांत थांबत नसेल, तर मणक्याला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही.

पालकांना भीती असते ती मान मोडण्याची. ती अगदीच निराधार नाही. सोव्हिएत संघाची येलेना मुखिना १९७८ ची विश्वविजेती. १९७९ मध्ये तिचा पाय मोडला, तो नीट भरायच्या आत तिला सरावाला उतरवलं. जुलै १९८० मध्ये, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, मिन्स्कच्या शिबिरात एका अवघड उडीत ती हनुवटीवर पडली आणि मान मोडली. २००६ मध्ये वारली, तोपर्यंत हातापायांत बळ नव्हतं. त्या उडीवर पुढे बंदी आली. पण ही गोष्ट नीट बघा. घात एका क्षणात झाला, तरी त्याची तयारी महिनोन् महिने चालली होती: अर्धवट बरा झालेला पाय, थकलेलं शरीर आणि "नाही" म्हणायची सोय नाही.

दीपा कर्माकरचं नाव तुमच्या सरांनी घेतलं असेलच, सगळेच घेतात. रिओ ऑलिंपिक २०१६ मध्ये ती प्रोदुनोव्हा नावाचा अतिशय अवघड व्हॉल्ट मारून चौथी आली, कांस्य ०.१५ गुणांनी हुकलं. त्या व्हॉल्टला तेव्हा ७.० काठिण्यगुण होते, म्हणून तर तो धोका पत्करायची तिची तयारी होती. (पुढच्या नियमावलीत ते गुण कमी केले. किती जोखीम घ्यायची हे मैदानाइतकंच नियमांच्या पुस्तकातही ठरतं.) त्या व्हॉल्टमध्ये ती शाबूत राहिली. गुडघ्याचा एसीएल, म्हणजे आतला मुख्य अस्थिबंध, गेला तो पुढच्या वर्षी. शस्त्रक्रिया झाली, आणि २०१८ मध्ये तुर्कस्तानात मेर्सिनला वर्ल्ड चॅलेंज कपचं सुवर्ण घेऊनच ती परतली. हे सगळं ती विशीत करत होती, नवव्या वर्षी नाही.

म्हणून घाई कशाची, असं मी पालकांना विचारते. महिलांच्या सीनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धेला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात, १९९७ पासूनचा नियम आहे. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने पॅरिस ऑलिंपिकला तीन सुवर्णपदकं घेतली तेव्हा ती २७ ची होती. त्याआधी टोकियो ऑलिंपिकमध्ये तिला हवेत आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं, अडीच गिरक्यांच्या जागी दीडच गिरकी झाली आणि तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. तेव्हा आपल्याकडेही "दबाव झेपला नाही" अशा कॉमेंट पडल्या होत्या. असं भान सुटलेलं असताना पुन्हा उडी मारणं म्हणजे मुखिनाच्या वाटेने जाणं, हे लिहिणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

आपल्याकडे घाईचं आणखी एक कारण असतं, जे कुणी उघड बोलत नाही: दहावी-बारावीचे ग्रेस मार्क आणि सरकारी नोकरीतला ५ टक्के खेळाडू कोटा. मी त्याला नाक मुरडत नाही, मध्यमवर्गीय घरात हा हिशोब होणारच. पण तो नववीत करा, चौथीत नको.

आता सरावाचे तास. स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एक ढोबळ ठोकताळा आहे: आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत. जिम्नॅस्टिक्समध्ये तो काटेकोर कुणीच पाळत नाही, हे मान्य. तरी ९ वर्षांच्या मुलीला २४ तास हे फारच झालं. मी १० ते १२ वर थांबेन, आणि उंची झपाट्याने वाढायला लागली की त्यातूनही कापेन. तेव्हा हाडं पुढे जातात आणि स्नायू मागे राहतात.

क्लासबद्दल: ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या छळाच्या चौकशीचा व्हाइट अहवाल आला. दुखापत असताना सराव करायला लावणं, वजनावरून हिणवणं, स्ट्रेचिंग करताना मुलींवर बळजबरी करणं, हे सगळं त्यात नोंदलंय. अमेरिकेत लॅरी नासर हा संघाचा डॉक्टर मुलींवर लैंगिक अत्याचार करत इतकी वर्षं मोकाट राहिला, कारण मुली बोलल्या तरी ऐकणारं कुणी नव्हतं. तेव्हा एक दिवस हॉलमध्ये कोपऱ्यात बसून बघा. पालकांना बसू देत नसतील तर तिथेच उत्तर मिळालं. स्प्लिटमध्ये पोरगी रडत असताना कुणी तिच्या पाठीवर भार देतंय का? काट्यावर उभं करून सगळ्यांसमोर वजन वाचतात का? एखादी "सर, हात दुखतोय" म्हणाली तर सर हात बघतात की "नाटकं नकोत" म्हणतात? दुसरं ऐकू आलं तर भिंतभर पदकं लटकलेली असली तरी क्लास बदला.

मला विचाराल तर खेळ सोडवू नका. तोल, ताकद, पडताना अंग सावरणं, हे इतकं चांगलं दुसरा खेळ क्वचितच शिकवतो. पण चार तासांना सध्या नाही म्हणा. आणि मनगट या आठवड्यातच ऑर्थोपेडिककडे दाखवा, शक्यतो मुलांच्या हाडांचं काम करणाऱ्याकडे. जिम्नॅस्टिक्स करते हे आवर्जून सांगा, नाहीतर मुरगळलं असेल म्हणून क्रेप बँडेज देऊन पाठवतील. तुलनेसाठी दोन्ही मनगटांचा एक्स-रे काढायला सांगितला तर खर्चाकडे बघू नका. राज्य स्पर्धेचा फॉर्म रिपोर्ट हातात आल्यावर भरा.